क्रीडासाहित्य, नऊ वेळा

मित्रांनो, मी एक जुने कार्ड-यंत्र आहे, दुकानात कार्डावरून पैसे घेणारे. माझ्या सातच्या बटणावरचा आकडा पुसला गेला आहे आणि कागदाची पट्टी मध्येच अडकते. मी रागावलेले आहे, हे आधीच सांगितलेले बरे.

अकरा वर्षे मी अमेरिकेतल्या कोल फॉर्क गावात वेंडेल स्ट्रिकलरच्या दुकानात काम करत आहे. दुकानात गळ आहेत, तंबू आहेत, हरणांच्या शिकारीच्या हंगामात घालायचे नारिंगी अंगरखे आहेत. पण दहांतली आठ गिऱ्हाइके बंदुका आणि काडतुसे नेतात. वेंडेल माझे कौतुक करायचा. म्हणायचा, हे म्हातारं कधी चुकत नाही.

आम्हा यंत्रांना चार आकडी खूण असते. तिच्यावरून बँकेला कळते, की दुकान औषधांचे आहे, चपलांचे की आणखी कशाचे. कोणी काय घेतले, ते मला ठाऊक नसते. कुठे घेतले, एवढेच मी कळवते. माझी खूण क्रीडासाहित्याची. पुढे संशयास्पद खरेदी बँकेच्या लक्षात यावी म्हणून बंदुकांच्या दुकानांसाठी वेगळी खूण निघाली. काही राज्यांनी ती सक्तीची केली. आमच्या राज्याने उलटा कायदा केला : ती खूण वापरायचीच नाही, वापराल तर दंड. सरकार आपल्या बंदुकांची यादी करील, ही लोकांची भीती. तिला मी हसत नाही. पण कायदा झाला त्या दिवशी वेंडेलने सगळ्यांना फुकट कॉफी पाजली, आणि माझ्या पोटात खोटी खूण कायमची राहिली.

नडीन टॉलिव्हर शाळेच्या स्वयंपाकघरात काम करते. तिचा मुलगा लायल बावीस वर्षांचा. गिरणीतली नोकरी गेल्यापासून वर्षभर तो खोलीबाहेर पडला नव्हता. एका शरद ऋतूत तो आईच्या खात्यावरचे कार्ड घेऊन आमच्याकडे येऊ लागला. सोळा दिवसांत नऊ वेळा आला. माझे आकडे दाबताना दोनदा चुकला. दर वेळी मी बँकेला कळवले : क्रीडासाहित्य.

तोच शब्द नडीनने घरी फोनवर, बँकेच्या हिशेबात वाचला. तिच्या नवऱ्याचे गळही आमच्याच दुकानातले. पोरगा नदीवर जायला लागला, असे वाटून तिला आनंद झाला. तिने नवऱ्याची गळांची पेटी माळ्यावरून काढून, पुसून, लायलच्या दाराशी ठेवली.

सतराव्या दिवशी लायलने धुलाईच्या दुकानात दोन बायकांना गोळ्या घालून मारले. तो आता तुरुंगात आहे.

मार्चमध्ये नडीन आमच्या दुकानात आली. वेंडेल तिचा वर्गमित्र. नजर टाळून तो मला फडक्याने पुसू लागला.

"शेजारच्या राज्यात चार टायर घेतले मी, तर बँकेचा फोन आला," ती म्हणाली. "बाई, हे तुम्हीच का, म्हणून. आणि हा नऊ वेळा इथं आला, तर कुणी चकार शब्द काढला नाही."

"बंदूक विकण्याआधीची सरकारी चौकशी साफ आली होती, नडीन. कायद्यानंच विकलं मी."

"मी कुठं नाही म्हणते? मला जे हवं होतं तेच मी वाचलं, तो दोष माझा. मंगळवारी कायदा बदलायचा अर्ज विधानसभेच्या समितीपुढे आहे. माझ्याबरोबर चल. तुझं दुकान गळांचं नाही, एवढंच सांग."

"गिऱ्हाईक तुटेल गं."

"दारावर हातभर अक्षरांत 'बंदुका' लिहिलंयस तू. रस्त्यावरच्या कुत्र्यालाही दिसतं ते. लपवायचं ते फक्त बँकेपासून?"

वेंडेल पुसतच राहिला. मंगळवारी तो गेला नाही. नडीन एकटी गेली. बोलायला तिला तीन मिनिटे मिळाली. स्वतःचा पोरगा सांभाळता आला नाही, आता दुसऱ्यांच्या पोरांवर पाळत ठेवायची का, असे एका सभासदाने तिला विचारले. अर्ज नऊ विरुद्ध दोन मतांनी पडला. दुकानातल्या रेडिओवर ही बातमी लागली, तेव्हा वेंडेलने आवाज बारीक केला.

मी खरी खूण कळवली असती तर बँकेने नक्की फोन केला असता, असे मी छातीठोकपणे सांगणार नाही. कदाचित केलाही नसता. पण ज्याला विचारावेसे वाटेल, त्याची वाटच बुजवून टाकण्याचा हक्क या लोकांना कोणी दिला?

मित्रांनो, माझी काळजी करू नका; कागदपट्टी बदलू नका, मला पुसूही नका. तुमच्या घरात कोणी दार लावून बसले असेल, तर ते दार ठोठावा. माझ्या शब्दावर विसंबू नका. आणि उद्या कायदे तुम्ही कराल, तेव्हा ज्याला दिसते त्याला बोलू द्या. मी नऊ वेळा खोटे बोलले. नऊही वेळा ते कायद्याला धरून होते.