उजवा कान, डावा कान

चर्र.

बुटाच्या चिकटपट्टीचा आवाज, दुसरं काही नाही. पण धाकटीला झोपवायला पाऊण तास गेला होता, आणि रविवार सकाळच्या त्या कमावलेल्या शांततेत तो आवाज कापड फाटल्यासारखा घरभर गेला. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलेल्या आईने श्वास रोखला. पाळणा गप्पच राहिला.

"बाईसाहेब," ती दबक्या आवाजात म्हणाली, "बागेत दहा वाजता जायचंय. आत्ता आठ वाजलेत."

"मी फक्त घालून बघतेय," साडेचार वर्षांची थोरली म्हणाली आणि पट्टी पुन्हा उचकटली. चर्र.

टेबलावर उद्याच्या बैठकीचे कागद पसरले होते. आईने ते पुन्हा चाळले. रोगप्रतिकारशास्त्रातल्या संशोधनात तिची आठ वर्षं गेली होती आणि त्यातली शेवटची दीड या एका प्रश्नावर. आईला लस दिली, तर पोटातल्या बाळाच्या पेशीही त्यातून काही शिकतात का? दुधातून मिळणारं संरक्षण काही काळाने ओसरतं, ते जगजाहीर आहे. तिला त्यापुढचं हवं होतं. जन्माआधी शिकलेलं पिल्लाला मोठेपणी आठवतं का?

म्हणून लस दिलेल्या उंदरिणींची पिल्लं, तिची बाळंतपणाची रजा चालू असताना, तिच्या आखणीप्रमाणे जन्मल्या दिवशीच लस न दिलेल्या दायांच्या, म्हणजे दूध पाजणाऱ्या दुसऱ्या उंदरिणींच्या, घरट्यांत ठेवली होती. प्रत्येक घरट्यात निम्मी दाईची स्वतःची, निम्मी पाहुणी. सगळी पांढरीशुभ्र, एकासारखं एक. सुरुवातीला पायाला शाईचा ठिपका, आणि कान जरा मोठे झाल्यावर बारीक भोक: पाहुण्यांच्या डाव्या कानाला, घरच्यांच्या उजव्या. दहा आठवड्यांनी अठ्ठेचाळीस जणांचं रक्त काढून तपासलं, तेव्हा पाहुणे आणि घरचे यांत काडीचा फरक दिसला नाही. आकड्यांचा नुसता सावळागोंधळ.

"अगं, सोमवारी समिती म्हणणार, बंद करा," प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम शुक्रवारी म्हणाल्या होत्या. "आणि नको म्हणायला माझ्या हातात काय आहे, सांग?" काम बंद म्हणजे तिची नेमणूकही बंद. ते त्या बोलल्या नाहीत. बोलायची गरजही नव्हती.

"आई, एक बूट तू घाल ना."

ती खुर्चीवरून उठून मुलीसमोर मांडी घालून बसली. "आण. उजवा पाय पुढे." तिने पाय धरला, बूट सरकवला, पट्टी दाबली.

थोरली खुदकन हसली. "उलटा घातलास! तो डावा पाय आहे!"

"नाही गं, हा बघ, माझा उजवा हात इकडे, म्हणजे..."

"तुझा! माझा नाही. तू समोरून बघतेयस, वेडाबाई."

आई त्या बुटाकडे बघत राहिली. तशीच, बुटाचं टोक हातात धरून.

उंदीरघर सांभाळणारे मामा उंदराला मानेजवळच्या कातडीला धरून उचलतात. त्याची पाठ त्यांच्याकडे. त्याचा डावा तो त्यांचा डावा. आणि ती? रक्त काढलं तो रजेवरून परतल्यानंतरचा पहिला आठवडा, हाताची सवय मोडलेली, पहिल्याच दिवशी एका उंदराने बोटाला कडकडून चावा घेतला. मग तिने उंदरांना पारदर्शक नळीत घालून कान वाचले होते. नळीतून उंदराचं तोंड तिच्याकडे.

"आई? काढ ना बूट."

"काढते, राणी, काढते," म्हणत ती उठलीच. नोंदवहीच्या प्रती टेबलावरच होत्या. त्यांत दोन अक्षरं होती, मामांचं गोल गरगरीत आणि तिचं घाईचं, तिरकं. रक्त काढायचं काम दोघांनी आलटून पालटून केलं होतं, आणि आकडे नंतर एकत्रच मांडले होते. आता तिने ते अक्षराप्रमाणे वेगळे केले. मामांच्या चोवीसांत डाव्या कानाचे पाहुणे ठळकपणे सरस होते. तिच्या चोवीसांत नेमकं उलटं.

तिला हायसं वाटलं, आणि पाठोपाठ लाजही. गेल्या दोन महिन्यांत तीनदा तिने मामांना विचारलं होतं, "खुणा नीट केल्या होत्या ना?" तिसऱ्यांदा विचारल्यापासून मामा तिच्याबरोबर चहा प्यायला येत नव्हते.

तिने आधी त्यांनाच फोन लावला.

"मामा, चूक माझी होती. खुणा तुमच्या बरोबरच होत्या. मी कान समोरून वाचले."

पलीकडे मामांनी रेडिओ बारीक केला. मग, "रविवारी सकाळी हे सांगायला फोन केलात, ताई?"

"हो. आणि मदत मागायला."

"येतो. चहा तुम्ही पाजायचा."

मॅडम इतक्या सहज ऐकणाऱ्या नव्हत्या. "म्हणजे आकडे उलटे केले की छान दिसतात, म्हणून तू उलटे करणार? समिती तोंडावर हसेल."

"उलटे नाही करणार. तपासणार. रक्ताच्या गुठळ्या आहेत माझ्याकडे."

"त्या? ज्यांच्यावरून फ्रीझरच्या कप्प्यासाठी आपलं भांडण झालं होतं?"

"त्याच. आणि पाहुण्यांच्या घराण्याच्या डीएनएत एक खूण निराळी आहे, ती गुठळीत सापडेल. मग कान गेला खड्ड्यात."

रक्तातलं वरचं पिवळसर पाणी तपासणीला वापरलं की खाली गुठळी उरते. सगळे ती टाकून देतात. ती टाकत नसे. प्रयोगशाळेत तिला 'गुठळीबाई' म्हणत, आणि ते काही कौतुकाने नाही.

"बरं, चूक तुझी होती, हे उद्या सगळ्यांसमोर कोण सांगणार?" मॅडमनी विचारलं.

"मीच."

नवऱ्याने काही न विचारता धाकटीला कडेवर घेतलं. बायको चप्पल पायात अडकवायला लागली होती, यातच त्याला सगळं कळलं. "दुधाच्या दोन बाटल्या भरून ठेव आणि पळ," तो म्हणाला. "बाग मी सांभाळतो."

"तू येणार होतीस," थोरली म्हणाली. तिच्या पायांत बूट अजून उलटेच होते.

"होते. आज नाही जमणार. संध्याकाळी सगळं सांगेन, अगदी पहिल्यापासून."

"सगळं?"

"सगळं."

उंदीरघराशेजारच्या खोलीत मामा तिच्याआधी हजर होते. त्यांनी एक अट घातली. गुठळीच्या प्रत्येक नळीवरचा आकडा ते स्वतः झाकून वर नवा आकडा लिहिणार, आणि कुठला कोणाचा ती यादी त्यांच्या खिशात राहणार. "तुम्हाला काय हवंय ते मला माहीत आहे, ताई. हवं असलं की डोळे फसतात."

तिला ते बोलणं लागलं, आणि पटलंही. गुठळ्या विरघळवायच्या, त्यातला डीएनए वेगळा करायचा, यंत्रात ठेवायचा, मग जेलच्या पातळ पट्टीवर रेषा उमटायची वाट बघायची. मधे दोनदा ती कोपऱ्यात पाठ करून बसली आणि बाटलीत दूध काढलं. दुपारी मामांनी तिच्यापुढे चहा ठेवला.

"मी पाजणार होते," ती म्हणाली.

"उधार राहिला."

पाहुण्यांना दोन रेषा, घरच्यांना एक. सात गुठळ्यांनी काहीच दाखवलं नाही; तिने त्या सात तशाच कोऱ्या नोंदल्या. उरल्या एकेचाळीस. मामांनी खिशातून यादी काढली, चष्मा पुसला आणि एकेक आकडा वाचायला घेतला. त्यांनी वाचलेले एकवीसच्या एकवीस कान बरोबर निघाले. तिच्या विसांपैकी एकोणीस उलटे.

"आणि हा विसावा?" ती पुटपुटली. "हा बरोबर कसा?"

"एकदा चुकून बरोबर वाचलंत," मामा म्हणाले, आणि दोन महिन्यांत पहिल्यांदा दोघं एकत्र हसली.

आता नवी मांडणी जेलने सांगितली तशी झाली, तिच्या मनाप्रमाणे नव्हे. आलेखावर पाहुणे एका बाजूला उभे राहिले, घरचे दुसऱ्या. ज्या आईजवळ ती पिल्लं एक दिवससुद्धा राहिली नव्हती, तिचा धडा दहा आठवड्यांनंतरही त्यांच्या रक्तात होता. एकेचाळीस काही फार नव्हेत. पुन्हा करावं लागेल, दुप्पट घरटी घेऊन, कान एकाच रीतीने वाचून. पण बंद करायला आता कारण उरलं नव्हतं. तिने आलेख मॅडमना पाठवला. उत्तर आलं: "उद्या दहाला. आधी चूक सांग, मग आलेख दाखव. मी शेजारी बसते."

घरी पोचली तेव्हा दिवेलागण व्हायची होती. धाकटी तिला बघताच झेपावली आणि लगेच प्यायला लागली. थोरली मांडीला मांडी लावून बसली. बूट आता सरळ होते, मातीने माखलेले.

"सांग. पहिल्यापासून."

आईने सांगितलं. लस घेतलेली आई, दुसऱ्या घरट्यात गेलेली पिल्लं, दाई, कानाची भोकं, समोरून बघणारी वेडाबाई. थोरली मधेच एकदा हसली. धाकटी पीतच होती.

"दाई सगळ्यांना दूध पाजायची?"

"सगळ्यांना."

थोरलीने बहिणीच्या कानाची पाळी दोन बोटांत धरून पाहिली, मग आईकडे वर बघितलं.

"आई, दाईला कळलं होतं का, की त्यातली निम्मी तिची नाहीत?"