साठ दिवसांचे सिरेने

मिठाच्या पाण्याने भरलेले पाच डबे स्नेजानाने तळघरात लावले, त्या दिवसापासून तिच्या सासूच्या, केरानाच्या, मनात पाल चुकचुकत होती. शहरातून आलेल्या सुनेने यंदा प्रथमच एकटीने मेंढीच्या दुधाचे सिरेने, म्हणजे मिठाच्या पाण्यात मुरवायचे पांढरे चीज, लावले होते. शहरात पामतेलाचेही पांढरे ठोकळे विकतात. त्यांना सिरेने म्हणायला कायद्याने बंदी आहे. पिवळे चीज तो कश्कावल, पांढरे ते सिरेने, आणि खोट्याला नाव नाही. केरानाच्या दारावर नवऱ्याच्या हातची पाटी होती. तिच्यावर एकच शब्द: सिरेने.

तिसाव्या दिवशी, सून कुरणावर गेलेली पाहून, तिने एक डबा फोडला. तुकडा चिवट, मुका. आंबटपणाचा मागमूस नाही. तिने शेजारच्या तोमाला हाक मारली.

"खोडरबर आहे हो केरानाबाई!" तो चघळत म्हणाला. "घ्या, आणा अजून शहरातली सून!"

दुसरा डबा, तिसरा, चौथा. सगळे तसेच. केरानाने पाटी उतरवली.

संध्याकाळी स्नेजाना दारातच थबकली. "आई, पाटी कुठंय?"

"ते तू सांग. दुधात काय कालवलंस?"

स्नेजाना तळघरात जाऊन आली. "चार डबे उघडलेत तुम्ही. आज दिवस कितवा?"

"तिसावा."

"आणि मला कुणी शिकवलं, साठ दिवस हात लावायचा नाही म्हणून? 'आंबट' या जुन्या शब्दावरून सिरेने नाव पडलंय, हे तुमचंच ना? ते आंबायच्या आत चाखलंत!"

चाळीस वर्षे केराना हेच सांगत आली होती. तरी संशय जाईना. सुनेने पाचवा डबा रातोरात बदलला तर? तळघराला कुलूप घालून तिने किल्ली गळ्यात बांधली. उघड्या चार डब्यांवर बुरशी चढली.

साठाव्या दिवशी तिनेच कुलूप काढले. पाचव्या डब्यातला तुकडा चिनी मातीसारखा खळकन फुटला. जिभेवर मीठ, मग मेंढीचा उग्रपणा, मग तो आंबट डंख.

"मीठ जास्त झालंय," केराना म्हणाली.

"तुमच्याच मापानं घातलंय."

केरानाने गळ्यातली किल्ली काढून सुनेच्या तळहातावर ठेवली आणि पाटी परत लावायला खिळा शोधत ती दाराकडे वळली.