रुपयाएवढा लाल

रंग उतरवणे हे माझे रोजचेच काम, त्यात भिण्यासारखे काय आहे, असे मी त्या रविवारी स्वतःला तीनदा तरी समजावले. नागापूरच्या एमआयडीसीत अकरा वर्षे मी स्प्रे पेंटर आहे, आणि कपाटांपासून पॅनेलच्या दारांपर्यंत काय काय खरवडले ते आता आठवतही नाही. पण केडगावच्या आमच्या घराच्या गच्चीवर मी जी बेस गिटार उघडून बसलो होतो ती माझ्या थोरल्या भावाची होती, आणि त्याला मी विचारले नव्हते. विचारणार तरी कुठे? दोन वर्षांपूर्वी वाल्मिकदादा शमशेरभाईंच्या बँजो पार्टीबरोबर बार्शीकडे लग्नाच्या सुपारीला गेला, वरात वाजवली, आणि परतीच्या टेम्पोत चढलाच नाही. गिटार तेवढी परत आली.

तेव्हापासून ती भिंतीवर टांगलेली होती, लालभडक. आई रोज संध्याकाळी दादाच्या नावाची एक भाकरी दुरडीत झाकून ठेवायची आणि सकाळी गाईला घालायची. त्याची बायको, मोनिकावहिनी, दिवेलागणीला दारात उभी राहून पुणे रोडकडे बघत राहायची, बस्स. ते बघणे मला सहन होत नसे. का, ते विचारू नका. यंदा लग्नसराईच्या तोंडावर शमशेरभाई म्हणाले, "हनुमंता, तुजा हात बी बरा हाय. बेस आता तूच धर. फकस्त ती लाल नको, लोक उगाच इचारत्यात." मला निमित्तच हवे होते.

आमच्या धंद्यात एक रीत आहे. जुना रंग कितीही उतरवा, कुठेतरी आडबाजूला, झाकणाखाली, रुपयाएवढा तरी राखून ठेवायचा. पुढेमागे तोच रंग परत हवा असला तर जुळवायला नमुना लागतो. मला काम शिकवणारे भिमाजी मिस्त्री तर नमुना न ठेवणाऱ्याच्या हातचा चहाही घेत नसत. म्हणून मी तारा सोडवल्या, दांडा वेगळा केला, पुढची प्लास्टिकची पट्टी काढली आणि तिच्याखालचा एक ठिपका टेप लावून झाकला. बाकीच्यावर रिमूव्हर फासला. लाल रंग सुरकुतला, पापुद्रे धरून वर आला, आणि दुपार कलेपर्यंत मी लाकूड उघडे पाडले.

त्या संध्याकाळी आईने भाकरी झाकली नाही. विसरली असेल, म्हटले. दुसऱ्या दिवशीही दुरडी पालथीच.

"आई, दादाची भाकर?"

"कंच्या दादाची?" तिने विचारले, आणि मला आणखी कालवण वाढले.

वय झाले तिचे, असे म्हणून मी शमशेरभाईंना फोन लावला आणि वाल्मिकदादाचा गिटारीचा पट्टा त्यांच्याकडे राहिलाय का, असे उगीचच विचारले. ते म्हणाले, "कोन वाल्मिक? बेस तर पयल्यापासनं तूच वाजवतूस की रं."

वहिनी तेवढी अजून दारात उभी राहत होती. बुधवारी वाळलेले कपडे काढायला ती गच्चीवर आली, आणि त्या नागड्या लाकडाशी थबकली.

"भाऊजी, ह्याचा रंग लाल हुता ना?"

"हो."

"कोन वाजवायचं ही?" गॅस बंद केला की नाही असे वाटून माणूस अर्ध्या वाटेतून परततो, तसा तिचा चेहरा झाला होता. "मी रोज दारात हुबी ऱ्हाते, पर कुनासाठी ते आटवंना झालंय. तुमी सांगा ना."

एक नाव घ्यायचे होते, एवढेच. ते माझ्या ओठांवर होते, अगदी शपथेवर सांगतो. मी म्हणालो, "खाली जा, दूध उतू जाईल."

ती गेली. मी टेप काढली. त्या ठिपक्याचा आणि घरात चाललेल्या प्रकाराचा काही संबंध असेल असे मला कोणी सांगितले असते तर मी त्याला वेड्यात काढले असते. तरीही माझा हात पॉलिशपेपरकडे गेला, तो मी पाण्यात भिजवला आणि घासला. दहा-बारा हात मारले असतील. गुलाबी पाणी गच्चीच्या पन्हाळीतून खाली गेले.

सकाळी वहिनीने माझ्यापुढे डबा ठेवला. "अहो, आज लौकर या," ती म्हणाली. आई शेजारीच तांदूळ निवडत होती, तिने मानही वर केली नाही. मला भीती वाटत होती आणि आनंदही झाला होता. दोन्ही खरे आहे.

गिटारीला मी पांढऱ्या रंगाचे दोन हात दिले. सुपाऱ्या सुरू झाल्या. लोक म्हणत, संसार बरा चाललाय हनुमंताचा. मला मात्र फाटकाच्या कडीचा आवाज आला की मी ताटावरून उठून दाराशी जायचो.

पुढच्याच्या पुढच्या रविवारी, भर दुपारी, ती कडी वाजली. दाढी वाढलेला, वाळलेला, पण दादाच. आई दारात गेली.

"कोन पायजे?"

तो हसला. त्याला थट्टा वाटली. "आई, अगं मी वाल्मिक."

आईने वळून माझ्याकडे पाहिले. मोनिकाने डोक्यावर पदर घेतला, तांब्या त्याच्यापुढे जमिनीवर ठेवला, आणि माझ्याजवळ येऊन हळूच विचारले, "अहो, पाव्हण्यांना च्या ठिवू का?"

दादाचे हसू अजून चेहऱ्यावर होते, पण आता त्याला ते आवरता येत नव्हते. तो आईकडे बघत राहिला, मग मोनिकाकडे, आणि शेवटी माझ्याकडे.

"हन्या," तो म्हणाला.

"बसा पाव्हणं," मी म्हणालो. "कुनाकडं आलाय तुमी?"