बेचाळीस छातीचा कोट

राजापेठेतल्या कुर्बानभाईंच्या दुकानात गिऱ्हाइकाचं पोट कधीच सुटत नसे. वर्षभरात माणूस चांगला ऐसपैस झाला आणि जुन्या मापाचा नवा सदरा त्याला काखेत काचू लागला, तरी कुर्बानभाई मान खाली घालून म्हणत, "चूक आमची. आत्ता देतो ढिला करून." गिऱ्हाईक खूश आणि सोबत आलेली बायकोही खूश. चाळीस वर्षं त्यांनी ही खोटी चूक आनंदानं पदरात घेतली आणि अर्ध्या अमरावतीचे लग्नाचे कोट शिवले.

त्यांची मुलगी नगमा मात्र खऱ्या चुकीला भीत होती. गेल्या रमजानपासून अब्बांचा हात कापायला लागला आणि कात्री तिच्याकडे आली. दहा वर्षं तिनं ब्लाऊज शिवले होते, त्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. पण कोट पहिलाच, आणि तोही मखमलीचा. नांदगाव खंडेश्वरच्या खुशालरावांच्या मुलीचं, आचलचं, लग्न नऊ दिवसांवर आलं होतं. लग्न अकोल्याला. तिथल्याच एका दुकानातून त्यांच्या बायकोनं, लीलाबाईंनी, ही वांगी रंगाची मखमल पसंत केली होती. ताग्यातला शेवटचा तुकडा होता तो. खुशालरावांनी कापड कोणाच्या तरी हाती पाठवून दिलं आणि फोनवर सांगितलं की माप काय घ्यायचं, कुर्बानभाईंना ते पाठच आहे. ते खरंही होतं. वीस वर्षांच्या वहीत त्यांच्या नावापुढे छाती बेचाळीस, दर खेपेला बेचाळीस.

बाकीची कापडं माफ करतात. मखमल करत नाही. तिची लव एका बाजूनं झुकलेली असते. एक तुकडा उलटा कापला गेला, की कोटाचा तेवढाच भाग वेगळ्या रंगाचा दिसतो. शिवण उसवली, तर सुईची भोकं तशीच राहतात. नगमानं जीव मुठीत धरून कोट कापला. अब्बा समोर खुर्चीवर बसून नुसते बघत होते. रागावले असते तर बरं वाटलं असतं तिला.

ट्रायलला खुशालराव दुपारी आले. लीलाबाई शेजारच्या गल्लीत बांगड्या बघायला गेल्या होत्या. आल्याआल्या खुशालरावांनी पाणी मागितलं, मग पुन्हा मागितलं. कुर्बानभाईंनी त्यांच्या अंगावर कोट चढवला. कोटाचे खांदे दंडांवर उतरले होते. छातीवर मखमलीची भलीमोठी घडी लोंबत होती.

या अल्ला, माझी चूक नसू दे, एवढंच तिच्या मनात आलं.

घाबऱ्या घाबऱ्या तिनं कोट मागून घेतला आणि पडद्यामागे नेऊन टेबलावर पसरला. टेप लोखंडी पट्टीला लावून तपासला. ढिलाईसाठी सोडलेलं माप वजा करून छाती मोजली, ती बेचाळीस. खांदा वहीतल्यासारखा, पाठ वहीतल्यासारखी. तिनं दोनदा मोजलं. कोट बरोबर होता. तिला इतकं हायसं वाटलं की हसू फुटलं.

पडदा सारून ती बाहेर आली आणि तिनं पहिल्यांदा कोट सोडून माणसाकडे पाहिलं. सैल पांढऱ्या सदऱ्याच्या गळ्यातून हाडं वर आली होती. घड्याळ मनगटावरून घसरून चार बोटं मागं गेलं होतं. रोज बघणाऱ्यांना हे दिसत नसेलही. तेवढ्यात कुर्बानभाईंनी कापऱ्या हातानं त्यांच्या छातीभोवती टेप गुंडाळला. चाळीस वर्षं ते आकडा मोठ्यानं सांगत, लिहिणारा लिहून घेई. आज त्यांनी टेप पाहिला आणि आकडा न सांगताच खिशात टाकला.

"चूक आमची, खुशालराव," ते म्हणाले. "माप न घेता कापलं. बाजूनं दाबून देतो."

खुशालराव मनमोकळं हसले. पोरीचा पहिला कोट आहे, चालायचंच, म्हणाले. नगमाला ते लागलं, पण ते गिळता आलं असतं. भीती दुसरीच होती. कोट दाबला की तो अंगावर छान बसणार. मांडवात सगळे वाहवा करणार आणि या माणसाला कोणी काही विचारणार नाही. आणि बोलावं, तर लग्नघरात अभद्र बोलली म्हणून तिलाच नावं ठेवतील. आजार-बिजार काही नसलंच तर? आणि असलं तर?

"काका," ती म्हणाली, "चूक आमची नाही."

"नगमा." अब्बांनी फक्त नाव घेतलं.

तिनं वही खुशालरावांपुढे उघडून ठेवली. "हे पाहा. वीस वर्सं बेचाळीस. कोट बी बेचाळीसच हाय, मी आत्ताच मोजला. अब्बा, आज काकाचं माप किती आलं, सांगा त्याईले."

कुर्बानभाईंनी खिशातला टेप बाहेर काढला. मग म्हणाले, "साडेअडतीस."

लग्नाची धावपळ आहे, जेवायलाही वेळ मिळत नाही, असं खुशालराव पुटपुटले. पण त्यांचं बोट वहीतल्या आकड्यांवरून खाली खाली सरकत होतं. शेवटच्या बेचाळीसवर ते थांबलं. बाहेर शिकवणीच्या पोरापोरींच्या गाड्या हॉर्न वाजवत होत्या. खुशालरावांनी तिसऱ्यांदा पाणी मागितलं, तांब्या रिकामा केला आणि स्टुलावर बसले.

"उन्हाळ्यापासून पट्ट्याले तीन भोकं पाडले मी," ते म्हणाले. "खिळ्यानं. घरी कोणाले दिसू नाही म्हणून गोठ्यात जाऊन. लगन होऊन जाऊ दे म्हटलं. मले भेव वाटून राहिलं, कुर्बानभाई."

कुर्बानभाईंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. या माणसाला धीर द्यायला आपल्या चुकीचं ते जुनं खोटं आता उपयोगाचं नव्हतं, आणि दुसरं काही त्यांना येत नव्हतं.

"मी हा कोट दाबनार नाही," नगमा म्हणाली. "आधी डॉक्टरले दाखवा. आजच."

तिला वाटलं, ते चिडतील. त्यांनी खिशातून फोन काढला. "आचलची माय, बांगड्या राहू दे. दुकानात ये. दवाखान्यात जायचं हाय." पलीकडून काय विचारलं ते कळलं नाही. "माह्यासाठीच," एवढं ते म्हणाले.

लीलाबाई धापा टाकत आल्या. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं, त्यांच्यापुढे उघड्या पडलेल्या वहीकडे पाहिलं, आणि त्यांचा हात धरला. पायरीवरून खुशालराव मागं वळले. कोट तसाच ठेव, म्हणाले, न्यायला मीच येईन.

ती दोघं रिक्षात बसून गेली. कुर्बानभाईंनी वही पुढे ओढली, पेनाचं टोपण काढलं, आणि आकडा न लिहिताच परत लावलं. नगमा पडद्यामागे टेबलाशी गेली. तिनं कोट पुन्हा पसरला, लव हातानं सारखी केली आणि टेप लावला. पट्टीच खोटी असेल. मघाशी मोजताना कापड ताणलं गेलं असेल. या अल्ला, चूक माझीच निघू दे, ती म्हणत होती.

छाती बेचाळीसच भरली.