सिस्टर हाविलीचा काळा बिल्ला

मित्रांनो, त्या सोमवारी मी मोज्यांबरोबर धुऊन निघालो.

मी आता जुना झालेला, बोटभर लांबीचा, काळ्या प्लॅस्टिकचा बिल्ला आहे. माझ्या अंगावर पांढऱ्या अक्षरांत 'सिस्टर हाविली' असं कोरलेलं आहे आणि त्याखाली चर्चचं नाव. ज्या मुलीच्या छातीवर मी दीड वर्ष राहिलो, तिचं नाव कालेसिता. पण त्या दीड वर्षात परदेशात कुणीही तिला या नावाने हाक मारली नाही. मॉर्मन चर्चच्या प्रचारिकेला सगळे सिस्टरच म्हणतात.

सोमवार आमच्या सुट्टीचा दिवस. सुट्टी म्हणजे आठवड्याचे कपडे धुवायचे, खोली झाडायची, बटाटे आणि अंडी आणायची आणि घरी फोन करायचा. संध्याकाळ झाली की पुन्हा लोकांची दारं वाजवायची. एरवी कालेसिता मला आधी काढून खिडकीत ठेवायची आणि मगच स्वेटर यंत्रात टाकायची. त्या दिवशी विसरली. ती किती दमली आहे, ते मला साबणाच्या पाण्यात गरगरताना कळलं.

सोबतीण सिस्टर हॅडलॉक हिने मला एका मोज्यातून ओढून काढलं. ही अमेरिकेतल्या आयडाहोच्या बटाटेवाल्या शेतकऱ्याची मुलगी.

"अगं, याला पण धुतलंस? चला, याची पापं गेली."

"आणि माझी?"

"तुझ्यासाठी मोठं यंत्र लागेल, सिस्टर."

दोघी हसल्या. चर्चच्या नियमाप्रमाणे त्या कायम एकत्र असायच्या. एकमेकींना सोडून कोपऱ्यावरच्या दुकानात जायचीही मुभा नव्हती. त्यामुळे कोण कधी खरं हसतंय, ते दोघींनाही ठाऊक असे.

मी नवा होतो तेव्हा आरशासारखा चमकत होतो. एका यंत्राने माझ्यावर अक्षरं कोरली, मागे लोहचुंबक बसवलं. कालेसिताला मी मिळालो, तेव्हा तिने मला बाहीच्या टोकाने पुसलं आणि माझा फोटो घरी पाठवला. घर म्हणजे तोंगा देशातलं वावाऊ बेट. तिचे वडील फेलेती कोनफळांची शेती करायचे. तो फोटो त्यांनी अख्ख्या गावाला दाखवला. "आमचं आडनाव बघा, देवाच्या कामाला लागलंय," असं ते म्हणत फिरत. एवढं कौतुक माझ्या वाट्याला पुन्हा आलं नाही.

मग आम्ही न्यूझीलंडच्या दक्षिण टोकाला, इन्व्हरकार्गिलला आलो. तिथला वारा माणसाला सरळ उभं राहू देत नाही. मंगळवारी प्रचारकांची सभा, बुधवारपासून शनिवारपर्यंत दारं, रविवारी चर्च. महिन्याच्या पहिल्या रविवारी उपास, आणि नेमकं त्याच दिवशी कुणाच्या तरी स्वयंपाकघरातून भाजलेल्या चीझ रोलचा वास. दार उघडलं की लोक आधी मला वाचायचे, मग तिच्या तोंडाकडे बघायचे. पुष्कळजण मला वाचूनच दार लावायचे.

गमबूट घातलेला एक म्हातारा नेहमी म्हणायचा, "पुन्हा आलात? काय सांगायचं ते माझ्या कुत्र्याला सांगा. या घरात तोच ऐकतो."

हॅडलॉक खरोखरच खाली बसून कुत्र्याशी बोलायची. कालेसिता हसायची, आणि मागे वळली की तिचा श्वास माझ्याखाली जड व्हायचा.

पण ती हे घरी सांगणार कसं? हाविलींच्या घरी सोमवारचा फोन म्हणजे जत्रा. अंगणात उपडी बादली, बादलीवर फोन, भोवती सगळं खानदान. सगळ्यांत पुढे लोसे आत्या. तोंगात आत्याचा मान बापाहून मोठा, त्यामुळे बापही तिच्या मागे बसायचे.

"कालेसिता, तू जाड झालीस की कोट जाड आहे?"

"दोन्ही, आत्या."

"बरं आहे. लोकांनी दारातून ढकललं तर पडणार तरी नाहीस."

सगळे हसायचे. एवढ्या माणसांत, बापाची मान ताठ असताना, कुठली मुलगी म्हणेल की मला आता चालवत नाही? ती म्हणायची, "सगळं छान आहे."

त्या सोमवारी मात्र अंगण दिसलं नाही. बाबा मळ्यात एकटेच होते.

"सगळे कुठं गेले, बाबा?"

"लग्नाला. मी म्हटलं, तुम्ही व्हा पुढं, माझा सोमवार आहे."

"मग जेवलात काय?"

"कोनफळ भाजलं. तू जेवलीस?"

"हो."

"काम कसं चाललंय?"

"छान, बाबा. दोघंजण चर्चला यायला तयार झालेत."

हॅडलॉक शेजारी घड्या घालत राहिली. असं कुणी तयार झालेलं नव्हतं. मी खिडकीत वाळत पडलो होतो, मला सगळं दिसत होतं.

"आवाज बसलाय तुझा."

"थंडी आहे इथं."

"हं."

बाबा बांधावर टेकले. बाबांना घाई नव्हती. ऐकायला तिसरं कुणी नव्हतं, आणि हॅडलॉकला त्यांची भाषा येत नव्हती. कालेसिताने बोलायला तोंड उघडलं. मला वाटलं, आता सांगते. पण ती म्हणाली, "ठेवते बाबा. दुकान बंद होईल."

"ठेव, पोरी. जप."

दुकान संध्याकाळपर्यंत उघडं असे.

बुधवारी सकाळी मिशनच्या प्रमुखांचा फोन आला. फेलेती आदल्या दिवशी मळ्यात काम करता करता कोसळले होते आणि पुन्हा उठले नव्हते. प्रमुख हळू आवाजात म्हणाले, जायचं असेल तर जा, राहायचं असेल तर राहा, दोन्हींत कमीपणा नाही. तिने आईला विचारलं. आई रडत म्हणाली, "ज्या कामाला त्यांनी तुला पाठवलं ते अर्धं टाकून आलीस, तर त्यांना काय वाटेल?"

ती राहिली.

मग आत्या फोनवर आली. त्या दिवशी तिने चेष्टा केली नाही. "भाऊ गेला की त्याच्या मुलीचे केस मी कापायचे. माझा हात तिथवर पोचत नाही. तुझ्या त्या गोऱ्या मैत्रिणीला सांग. वेडेवाकडे काप म्हणावं. आपल्याकडचं माणूस गेलंय, हे लोकांना दिसलं पाहिजे."

कालेसिताची वेणी कमरेपर्यंत होती. हॅडलॉकने कात्री घेतली. तिने घरी धाकट्या भावंडांचे केस कापलेले, वाकडं कापणं तिच्या हातालाच ठाऊक नव्हतं. ती मुसमुसत कापत होती आणि जितकं रडू आवरी तितकं जपून कापत होती. शेवटी केस हनुवटीशी एका रेषेत, सुरेख बसले.

"चुकलं का गं माझं?"

"नाही. फारच नीट झालंय," कालेसिता म्हणाली. "रविवारी कुणाला काही सांगू नकोस हं. सांगितलंस की सांत्वनाला घरोघरची जेवणाची पातेली येतील."

रविवारी चर्चमध्ये बायकांनी तिला घेरलं.

"अय्या, केस कापलेस! किती गोड दिसतेस!"

"आधीच का नाही कापलेस? चेहरा कसा खुलला!"

मिसेस गिलक्रिस्ट नावाच्या आजींनी तर तिला मागून पुढून फिरवून पाहिलं. "कुठं कापलेस? मलाही जायचंय."

"घरीच," ती म्हणाली, आणि प्रत्येकीला थँक्यू म्हणाली. तिचं सुतक असं सगळ्यांना आवडून गेलं. माझ्यामागे तिचं काळीज इतकं संथ चाललं होतं, की मला वाटलं तेही थकून बसलंय.

त्यानंतरचे सगळे आठवडे एकसारखे गेले. धुणं, सभा, दारं, चर्च. सोमवारी बादलीभोवती खानदान जमायचं, फक्त मागची एक जागा रिकामी असायची, आणि ती म्हणायची, सगळं छान आहे. प्रमुखांनी भर सभेत तिच्या धीराचं उदाहरण दिलं. तोवर माझी चमक गेली होती, कोपरा उडाला होता.

दीड वर्ष भरलं तेव्हा ती वावाऊला परतली. चर्चच्या वडीलधाऱ्यांनी घरी येऊन तिचा हात हातात घेतला. "तुझी सेवा पूर्ण झाली, सिस्टर. आता बिल्ला काढ." तिने मला काढलं. त्या क्षणापासून मी बिनकामाचा झालो. आज मी तिच्या शिवणाच्या डब्यात बटणांमध्ये पडलेला असतो. तिच्या मुलीला लहर आली की ती मला फ्रिजला चिकटवते. तक्रार नाही.

पण त्या परतलेल्या संध्याकाळी तिने मला डब्यात टाकलं नव्हतं, मुठीत घट्ट धरलं होतं. ती बाबांच्या थडग्याकडे निघाली तशी सगळी मंडळी चटया घेऊन मागोमाग निघाली. आत्या वाटेतच उभी राहिली.

"कुठं निघालात सगळे? सोमवार न् सोमवार ऐकून पोट भरलं नाही का तुमचं? फिरा मागं. आज ती बापाशी बोलेल."

"आणि तू, आत्या?" कुणीतरी विचारलं.

"मी पण मागंच फिरतेय, दिसत नाही?"

मित्रांनो, वस्तू बोलायला लागली की शेवटी काहीतरी मागते. मला चमक परत नको. लांब गेलेल्या आपल्या माणसाचा फोन आला, तर भोवतीची गर्दी घडीभर बाहेर पाठवा. "छान आहे" असं ऐकलंत, तर आणखी एकदा विचारा. आणि तुम्हीच लांब असाल, तर दुकान बंद होतंय असं सांगू नका. मी तिचं आडनाव मिरवलं, पण तिचा थकवा माझ्यामागे होता. मला बाजूला केल्याशिवाय तो कुणाला दिसायचा नाही.

कालेसिता थडग्यावरच्या काळ्या खड्यांशी बसली.  मग अगदी साध्या आवाजात, शेजारी बसलेल्या माणसाला सांगावं तशी बोलली.

"बाबा, मी फार दमले होते. रोज घरी यावंसं वाटायचं. तुम्ही एकदा 'ये' म्हणाला असतात, तर मी आले असते. तुम्ही म्हणू नये, म्हणून हसत होते."