तीन नंबरला लागलेली नजर

जेसल पार्कातल्या माझ्या कॉम्प्युटर क्लासबाहेर चपलांचा ढीग पडला होता. आत तीन नंबरच्या कॉम्प्युटरला लिंबू-मिरची बांधून आत्माराम उभा होता. आमची यंत्रं दुरुस्त करणारा हा माणूस हल्ली त्यांची नजरही उतरवायचा.

“डोळे मिटा सगळ्यांनी! उघडे ठेवाल तर बाधा तुमच्याच अंगात शिरेल. ओम् मेमरी, ओम् मदरबोर्ड, स्वाहा!”

पालकांनी डोळे घट्ट मिटले. कॉम्प्युटर बंद होऊन पुन्हा सुरू झाला. मुलांचा प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत उतरवणारा कंपायलर सकाळी कोसळला होता. तो आता मुकाट्याने चालू लागला. टाळ्या पडल्या.

“बघितलंत सर?” कौस्तुभची आई हंसावहिनी म्हणाल्या. “ती क्षितिजा बसली की पडतो, बाहेर गेली की चालतो. दुसऱ्याचं बरं बघवत नाही मेलीला. तिला काढा, नाहीतर आम्ही आमची मुलं काढतो.”

बघवत कोणाला नव्हतं ते मला ठाऊक होतं. कौस्तुभ दर परीक्षेत क्षितिजाच्या मागे, दुसरा. आणि खरं सांगतो, मलाही बघवत नव्हतं. तीस वर्षं शिकवतोय, कोणी पाया पडलं नाही. आणि या आत्मारामापुढे रांग!

क्षितिजा बाहेर पायरीवर होती. बारा वर्षांची पोर. “सर, माझ्या डोळ्यांत खरंच काही आहे?”

“उद्या बघू.”

सकाळी सगळ्यांना बोलावलं. क्षितिजाला रस्त्यापलीकडे उभं केलं आणि तीन नंबर कौस्तुभला सुरू करायला लावला. कंपायलर कोसळला.

“आता कोणाची नजर, वहिनी? कौस्तुभची?”

“अहो, काहीतरीच!”

आत्मारामाने खिशातून नवं लिंबू काढलं. “डोळे मिटा…”

“काका, मी काल मिटलेच नव्हते,” हंसावहिनींची धाकटी सान्वी म्हणाली. “मला काहीच नाही झालं. तुम्ही कीबोर्डवरचा खालचा बाण दाबलात.”

मी क्षितिजाला आत बोलावलं. तिने यंत्र पुन्हा सुरू केलं. यंत्र कोणत्या पद्धतीने सुरू करायचं, हे विचारणाऱ्या दोन ओळी पडद्यावर आल्या: वर ‘सुरक्षित’, खाली ‘जुनी’. तिने बाण दाबून खालची निवडली. कंपायलर चालला.

आत्माराम घामाघूम. “हॅकरपासून संरक्षण म्हणून गेल्या महिन्यात फक्त या तीन नंबरवर ती वरची ओळ मीच टाकली, सर. तेव्हापासून पडतोय. चूक कबूल केली असती तर मला पुन्हा कोण बोलावणार?”

मग मी मुलांना समजावलं. घरातल्या वस्तू रोज नव्या जागी ठेवल्या तर चोर चुकतो. हे संरक्षण तसंच आहे. पण आपला जुना कंपायलर कालच्याच जागी हात घालतो आणि तोंडघशी पडतो. रात्री बंद केलेलं यंत्र सकाळी आपोआप वरच्या ओळीवर सुरू होतं, आणि त्यावर सगळ्यांत आधी येऊन बसते क्षितिजा. आत्मारामाने बाण दाबला की दिवसभर बाकीच्यांचं सुरळीत! संरक्षण राहू द्यायचं, कंपायलर नवा टाकायचा.

हंसावहिनींनी तीन नंबरची लिंबू-मिरची स्वतःच सोडली. कौस्तुभ क्षितिजाला म्हणाला, “सरक ना जरा. मला पण दाखव.”

बाळांनो, यंत्र अडलं तर आधी काय बदललं ते शोधा. समोर कोण बसलं होतं हे विचारून यंत्र चालत नाही. एका पोरीचं शिकणं मात्र थांबतं.