दोन दांड्यांचा कान

शनिवारी दुपारी मी दयाराम काकांना सांगितलं, की तुमच्या खापऱ्या रोमन नाहीत. रविवारी सकाळी सुचिता मॅडम मुंबईहून त्याच खापऱ्या बघायला येणार होत्या, आणि त्यांना बोलावलं होतं मीच.

काका माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. आमचं गाव रेवसच्या अलीकडे, खाडीला लागून. मिठागरं बंद पडली तसे काका ट्रेलरवर लागले आणि उरणच्या बंदरातून कंटेनर ओढू लागले. एकदा गेटवर रांगेत थांबलेले असताना त्यांनी वर्तमानपत्रात वाचलं, की चौलच्या जुन्या बंदरात रोमी व्यापारी यायचे आणि त्यांच्या दारूच्या रांजणांना आतून काळा लेप असायचा. जुन्या मिठागरामागच्या टेकाडावर तशा काळ्या खापऱ्या त्यांनी लहानपणापासून पाहिल्या होत्या. तेव्हापासून आतून काळी दिसेल ती प्रत्येक खापरी घरी येऊ लागली. ओटीवर मासळीचे चार क्रेट भरले होते. गावात त्यांचं नावच रोमन पडलं. माझ्या मावसबहिणीच्या हळदीला डीजेवाल्याने माईकवरून पुकारलं, "रोमनशेठचं आगमन झालेलं आहे!" तेव्हा काका हसले होते, पण जेवायला थांबले नव्हते.

मी रसायनशास्त्रात एम.एस्सी. केलं आहे आणि रोह्याला एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम करते. मॅडमचा खापऱ्यांवरचा अभ्यास मोठा. अलिबागला रोमन रांजणांवरचं त्यांचं व्याख्यान ऐकून मी काकांच्या संग्रहाबद्दल त्यांना लिहिलं होतं. त्या येणार म्हटल्यावर निदान लेप तरी तपासून ठेवावा असं मला वाटलं.

रोमन रांजणांना आतून चीडच्या झाडापासून काढलेल्या राळेचा लेप देत. इराणच्या आखाताकडून येणाऱ्या रांजणांना जमिनीतून पाझरणाऱ्या डांबराचा. दोन्ही काळेच दिसतात. पण राळ स्पिरिटमध्ये विरघळते, डांबर विरघळत नाही. मी तीन परीक्षानळ्या घेतल्या. एकीत बाजारातली राळ, दुसरीत रस्त्याचं डांबर, तिसरीत काकांच्या खापरीवरून खरवडलेला लेप. मग दुसऱ्या क्रेटमधली खापरी घेतली, मग तिसऱ्या, चौथ्या. उत्तर बदललं नाही.

"काका, राळेचं स्पिरिट बघा, तपकिरी झालं. डांबराचं तसंच राहिलं. आणि हे तुमचं."

काकांनी नळी उन्हात धरली. आतलं स्पिरिट पाण्यासारखं स्वच्छ होतं.

"तुजा स्पिरिट खराब आसल."

"खराब असतं तर राळ विरघळली नसती."

"मंग मंजे काय?"

"म्हणजे हे डांबर आहे. रांजण इराणकडचे असणार, रोमन नाहीत."

नीराबाई काकी दारात कोळंबी सोलत बसल्या होत्या. "लगीन झाल्यापासून मी सांगतंय, ह्यो डांबर हाय. पन माजा कोन आयकतंय? मी काय शिकलेली हाय?"

"तू गप बस गो," काका म्हणाले.

हितेशने, माझ्या चुलतभावाने, मोबाइलमधून डोकं वर काढलं. "नेत्रा, मॅडमना फोन करून येऊ नका म्हणून सांग. उगाच लोक हसतील."

"आता काय लोक रडतान?" काकांनी नळी परत माझ्या हातात दिली. त्यांचा आवाज शांत होता. चाचणी बरोबर होती, त्याबद्दल मला शंका नव्हती. पण ज्या माणसाने मला लहानपणी भिंगातून पहिल्यांदा मिठाचा खडा दाखवला, त्याची इतक्या वर्षांची गोष्ट मी तीन नळ्यांत संपवली होती.

थोड्या वेळाने काकांनी विचारलं, "मंग रोमन कसा आसतो? आतून काला न्हाय?"

"असतो. पण राळेचा लेप पातळ असतो. पुष्कळदा झिजून जातो, मग आतून साध्या मडक्यासारखाच दिसतो."

"कान आसतान?"

"दोन. आखाताकडच्या या रांजणांना कानच नसतात."

काका क्रेटवर बसले. मग काकींकडे बघत म्हणाले, "कानवाली मी बांधान टाकली."

खाडीचं पाणी शेतात शिरू नये म्हणून आमच्याकडे बांध असतो. उधाणाला तो फुटतो, त्या फुटक्या जागेला खांड म्हणतात. खांड बुजवताना माती, पेंढा, दगड, फुटकी कौलं, जे कडक मिळेल ते टाकतात. टेकाडावरच्या ज्या खापऱ्या काळ्या नव्हत्या, त्या काका वर्षानुवर्षं बांधात चोपत आले होते.

"काका, मी मॅडमना सांगू का, नंतर या म्हणून?"

"न्हाय. येव दे. पन कालं ते रोमन म्हनून दावायचं न्हाय. मी सोता सांगन."

रविवारी भाऊच्या धक्क्यावरून सुटणाऱ्या पहिल्या लाँचने मॅडम आल्या. हितेश त्यांना रेवसच्या जेट्टीवरून घेऊन आला. त्या ओटीवर टेकायच्या आतच काका पुढे झाले.

"मॅडम, ह्ये रोमन न्हाय. डांबर हाय. आमच्या पोरीन तपासलंय. रोमन आसल तर तो बांधान हाय."

हे सांगताना त्यांची मान खाली नव्हती. उलट 'आमच्या पोरीन' म्हणताना ती जरा वरच झाली.

मॅडमनी एक खापरी उचलली, बोट फिरवलं आणि हसल्या. "दयारामजी, या रांजणांना आम्ही पुरातत्त्ववालेसुद्धा कित्येक वर्षं रोमनच म्हणत होतो. तुम्ही एकटे नाही. आणि इराणचा माल इथे उतरत होता, हे काय थोडं आहे? बांध कुठे आहे?"

ओहोटी होती. काका बांधावरून चालत बरोबर एका जागी थांबले. "ही खांड कोरोनाच्या आदल्या वरसाची." मॅडमनी आधी फोटो काढले, मग काकांनी कुदळ हळू चालवली. मी बादलीत एकेक तुकडा धुऊन ओळीने मांडत गेले. कौलं, पणतीचा तुकडा, आपल्याच लाल मडक्यांचे काठ. ऊन वर आलं. हितेशने दोनदा घड्याळ बघितलं. काकींनी चहा पाठवला, तोही संपला. मग काकांनी चिखलातून हात बाहेर काढला आणि हातातला तुकडा माझ्यासमोर धरला.

चिखल धुतल्यावर दोन बोटं एकमेकांना चिकटवावीत तशा दोन गोल दांड्या दिसल्या. शेजारी शेजारी, मध्ये खोल खाच, आणि वरच्या टोकाला जवळजवळ काटकोनात वळण. मी भिंग लावलं. माती फिकट गुलाबी होती आणि तिच्यात बारीक काळे कण चमकत होते.

"काळे कण दिसतायत?" मॅडमनी विचारलं. "इटलीत ज्वालामुखीजवळच्या मातीत असे असतात. मग इटलीचं म्हणायचं?"

म्हणावंसं फार वाटत होतं. काका माझ्या तोंडाकडे बघत होते.

"नाही म्हणता येणार," मी म्हणाले. "आपला कातळही ज्वालामुखीचाच आहे. असे कण खाडीच्या वाळूतही सापडतील. पातळ काप काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघेपर्यंत मातीवरून मी काही बोलणार नाही."

"आणि आकारावरून?"

"आकारावरून बोलेन. असा दोन दांड्यांचा कान आपल्याकडच्या मडक्याला मी कुठेच पाहिलेला नाही. रोमन काळातल्या दारूच्या रांजणांना तो असतो."

"लेखी देशील?"

"देईन."

"मग त्याखाली माझीही सही," मॅडम म्हणाल्या. "इटलीत बनला की ग्रीक बेटावर, ते पुढे ठरेल. पण हा रांजण रोमन व्यापारातलाच आहे, दयारामजी."

काकांनी चिखलाचे हात लेंग्याला पुसले आणि तो तुकडा पुन्हा हातात घेतला. हितेश फोटो काढायला लागला तसे म्हणाले, "माजा नको. ह्याचा काड. आन बाजूला पट्टी ठेव, माप दिसला पायजे." माझी मोजपट्टी हितेशने मुकाट्याने मागून घेतली. मला तेव्हा इतकं भरून आलं, की मी उगाच बादलीतलं पाणी बदलायला गेले.

मॅडमना आता टेकाड बघायचं होतं. पण काका हलले नाहीत. खाडीच्या तोंडाशी पाण्याचा रंग बदलला होता.

"टेकाड दोन हजार वर्सा थांबलाय, मॅडम. भरती थांबत न्हाय. मागं दुसऱ्याची भातशेती हाय."

आम्ही खणलेली खांड उघडी होती. हितेश दगड आणायला पळाला. मॅडमनी सलवार गुडघ्यापर्यंत दुमडली आणि चिखलात उतरल्या. मी दगड देत गेले, काका ते चोपत गेले. बादलीजवळच्या ओळीतला एकही तुकडा आज बांधात गेला नाही. पाणी बांधाला टेकलं तेव्हा खांड भरत आली होती, आम्ही मांड्यांपर्यंत चिखलात होतो, आणि काका मॅडमना विचारत होते, की इटलीत बांध कशाने बुजवतात.